"अगदी फोटोसारखं" ही दाद पुरेशी नाही

जुन्या खुर्चीचं किंवा कपाटाचं वॉटरकलरमध्ये बारकाईने केलेलं चित्र कुणालाही दाखवा, पहिली दाद ठरलेली असते, "अरे वा, अगदी फोटोसारखं!" बोलणारा मनापासून बोलतो, त्याला कौतुकच करायचं असतं, पण मला दर वेळी वाटतं की या एका वाक्यात चित्रकाराची सगळी मेहनत पाण्यात गेली. कारण फोटोसारखं असेल तर मग सरळ फोटोच का नाही काढला, हा प्रश्न लगेच मागोमाग येतो, आणि तिथून मग अशा चित्रांना म्युझियमच्या भिंतीवर जागा कशाला, आज असं काम करून घ्यायला सरकारने पैसे का घालावेत, इथपर्यंत गाडी जाते. माझं म्हणणं साधं आहे. हे चित्र म्हणजे एका माणसाने एक वस्तू कितीतरी दिवस समोर बसून बघितली, समजून घेतली आणि काय दाखवायचं ते ठरवून कागदावर उतरवली, हे स्वतंत्र काम आहे, ते लोकांना भिंतीवर बघायला मिळालं पाहिजे आणि जनतेच्या पैशातून ते परत सुरू झालं पाहिजे. परत म्हणतोय कारण हे एकदा झालेलं आहे, आणि मोठ्या प्रमाणावर झालेलं आहे.

झालं ते अमेरिकेत, महामंदीच्या काळात. लाखो लोक बेकार, त्यात चित्रकारही आले, आणि रूझवेल्टच्या सरकारने १९३५ मध्ये रोजगारासाठी डब्ल्यूपीए नावाची जी प्रचंड यंत्रणा उभी केली तिच्यात फेडरल आर्ट प्रोजेक्ट हा चित्रकारांसाठीचा एक विभाग होता, होल्गर केहिल त्याचे राष्ट्रीय संचालक. म्युरल्स, पोस्टर्स, शिल्पं असं बरंच काही त्यात चाललेलं, आणि त्यातलाच एक भाग म्हणजे इंडेक्स ऑफ अमेरिकन डिझाइन. कल्पना आली दोन बायकांच्या बोलण्यातून, न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीचं चित्रसंग्रहाचं काम बघणाऱ्या रोमाना जाविट्झ आणि टेक्स्टाइल डिझायनर रूथ रीव्हज. लायब्ररीत डिझायनर लोक यायचे, जुन्या अमेरिकन वस्तूंची चित्रं मागायचे, आणि द्यायला नीट काही नसायचं, युरोपातल्या देशांकडे स्वतःच्या जुन्या कारागिरीचे जाडजूड चित्रग्रंथ होते, अमेरिकेकडे तसं काही नव्हतंच. मग ठरलं की वसाहतीच्या काळापासून साधारण १९०० पर्यंतच्या रोजच्या वापरातल्या वस्तू, म्हणजे खुर्च्या, पेट्या, कपाटं, रजया, मडकी, खेळणी, दुकानाच्या पाट्या, घरावरची वाऱ्याची दिशा दाखवणारी वातकुक्कुटं, हे सगळं रंगीत चित्रांत नोंदवायचं. १९४२ मध्ये काम थांबलं तोवर १८,००० हून जास्त चित्रं तयार झाली होती, आणि १९४३ मध्ये ती वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टकडे गेली, आजही तिथेच आहेत.

या कामावर जे आले त्यातले बरेच जण कमर्शियल आर्टिस्ट होते, जाहिराती आणि कॅटलॉगसाठी चित्रं काढणारे, मंदीत जाहिरातीच बंद पडल्या तशी त्यांची रोजीरोटी गेली. हात तयार होता, पण इथे लागणारी शिस्त वेगळी होती. ती शिस्त आली चक्क इजिप्तच्या उत्खननातून. जोसेफ लिंडन स्मिथ नावाचे चित्रकार इजिप्तमधल्या थडग्यांतल्या भिंती आणि मूर्ती रंगांत इतक्या हुबेहूब उतरवायचे की कागदावर दगड आहे असं वाटावं, त्यांची पद्धत बॉस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समधल्या सुझान चॅपमन यांनी आत्मसात केली आणि इंडेक्सच्या चित्रकारांना शिकवली. पद्धत म्हणजे काय, तर आधी पेन्सिलने अचूक मापात रेखाटन, मग अगदी पातळ रंगाचा एक वॉश, तो पूर्ण वाळला की दुसरा, मग तिसरा, आणि असे थर चढवत चढवत हळूहळू त्या वस्तूचा पृष्ठभाग कागदावर तयार करायचा. मागे बहुतेक वेळा काहीच नाही, कोरा कागद. वस्तू एकटी.

आता एक खुर्ची घेऊ. शेकर नावाचा एक धार्मिक पंथ होता, न्यू यॉर्क आणि मॅसॅच्युसेट्सपासून केंटकीपर्यंत त्यांच्या वस्त्या होत्या, लग्न न करता सामुदायिक आयुष्य जगणारे लोक, आणि त्यांचं फर्निचर म्हणजे जेवढं लागतं तेवढंच, वर काही नाही. इंडेक्समध्ये शेकर वस्तूंची चित्रं भरपूर आहेत. शेकर खुर्ची बहुतेक मेपलची, पाठीला तीन-चार बारीक वाकवलेल्या आडव्या पट्ट्या, वरच्या टोकाला छोटे गोंडस कळस, आणि बसायची जागा कापडी नवारीने विणलेली, दोन रंगांच्या पट्ट्या एकाआड एक घातल्या की बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन तयार होतात. काही खुर्च्यांच्या मागच्या दोन पायांच्या तळाला लाकडाची अर्धी गोळी बसवलेली असते, माणूस मागे रेलून बसला तरी पाय सपाट टेकलेला राहावा आणि जमिनीला खरचट उठू नये म्हणून, या युक्तीचं पेटंटसुद्धा एका शेकर माणसाने १८५२ मध्ये घेतलेलं आहे.

हे चित्रात उतरवायचं म्हणजे नक्की काय करावं लागतं याचा विचार करा. नवारीची प्रत्येक पट्टी एकदा वरून जाते आणि एकदा खालून, म्हणजे प्रत्येक चौकोनाच्या कडेला केसाइतकी सावली आहे, आणि ती सगळीकडे सारखी नाही, कारण बसून बसून मधला भाग खाली गेलाय, तिथे पट्ट्या सैल झाल्यात, कडेला मात्र अजून ताणलेल्या आहेत. चित्रकाराला हे प्रत्येक चौकोनाला वेगळं ठरवावं लागतं. मेपलचं लाकूड फिकट, त्याच्यावर वर्षानुवर्षं हात लागून मधासारखी झाक आलेली, ती आणायला पिवळट वॉशवर तपकिरी वॉश, त्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने ओढलेले लाकडाचे रेषे, आणि जिथे चकाकी हवी तिथे रंगच लावायचा नाही, कागद तसाच सोडायचा. वॉटरकलरची खरी परीक्षा इथे असते. ऑइलमध्ये चूक झाली तर वरून पांढरा रंग मारता येतो, वॉटरकलरमध्ये पांढरा म्हणजे कागद, तो एकदा रंगला की गेला, म्हणजे त्या गोल पायावरची ती बारीक उभी चमक चित्रकाराने सुरुवातीलाच ठरवून राखलेली असते आणि मग सगळे थर तिला वळसा घालून चढवलेले असतात. असं चित्र बघताना मी आधी ती चमक शोधतो. ती सापडली की चित्रकाराने काम कुठून सुरू केलं असेल ते कळायला लागतं आणि मग पुढचं सगळं आपोआप उलगडतं.

दुसरं उदाहरण पेन्सिल्व्हेनियाच्या जर्मन वस्त्यांमधल्या रंगवलेल्या पेट्यांचं. मुलीला लग्नाआधी कपडेलत्ते साठवायला द्यायची ती पेटी, पाइनसारख्या साध्या लाकडाची, पण समोरच्या बाजूला रंगात कमानी, ट्यूलिपची फुलं, पक्षी, बर्क्स काउंटीच्या काही पेट्यांवर तर समोरासमोर उभे असलेले युनिकॉर्न, आणि कधी कधी मुलीचं नाव आणि साल. अशा पेटीच्या चित्रात दोन चित्रकार एकावर एक असतात, एक अठराव्या शतकातला, ज्याने पेटी रंगवली, आणि एक १९३०-४० च्या काळातला, ज्याने ती रंगवलेली पेटी रंगवली. आणि दुसऱ्याची कसोटी अशी की पहिल्याचा हात जसा आहे तसा दिसला पाहिजे, त्याने घाईत ओढलेली पाकळी घाईतच दिसली पाहिजे, नीट करून चालणार नाही. शिवाय मधल्या दीडशे वर्षांत जे झालं तेही हवं. झाकण उचलताना जिथे बोटं लागतात तिथला उडालेला रंग, कुलपाच्या भोकाभोवती किल्लीने पडलेले ओरखडे, तळाशी झाडूचे आणि बुटांचे धक्के. हे सगळं वेगवेगळं ओळखून वेगवेगळ्या तऱ्हेने रंगवावं लागतं, कारण घासून गेलेला रंग आणि सुकून पोपडा धरून पडलेला रंग यांच्या कडा सारख्या नसतात.

आणि रंगाचा मुद्दा निघालाच आहे तर विंडसर खुर्च्यांबद्दल बोलायलाच पाहिजे, कारण माझ्या मते या चित्रांचं महत्त्व सगळ्यात जास्त तिथे कळतं. विंडसर खुर्ची एका लाकडाची नसतेच. बसायची फळी पाइनची किंवा टुलिप पॉप्लरची, कारण मऊ लाकूड कोरून खोलगट करायला सोपं, पाठीच्या बारीक दांड्या हिकरीच्या किंवा अ‍ॅशच्या, कारण त्या वाकतात पण मोडत नाहीत, आणि पाय मेपलचे, कारण लेथवर ते स्वच्छ कातले जातात. तीन लाकडांचे तीन रंग, म्हणून अख्खी खुर्ची रंगवायची रीत होती, आणि सुरुवातीचा आवडता रंग हिरवा, तांब्याच्या गंजापासून केलेला, जो वयाबरोबर गडद होत जवळजवळ काळा पडतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अँटिक जमवायची हौस वाढली तसं दुकानदारांनी आणि हौशी लोकांनी काय केलं, तर हा जुना रंग खरवडून काढला आणि खालचं लाकूड छान पॉलिश करून चकचकीत केलं, कारण गिऱ्हाइकाला "खरं लाकूड" हवं होतं. म्हणजे खुर्ची शिल्लक आहे, म्युझियममध्ये ठेवलीय, पण ती बनवणाऱ्याने जशी बनवली तशी ती राहिलेलीच नाही. त्यामुळे रंग शाबूत असताना कुणी एखादी खुर्ची समोर ठेवून तिचा पडलेला, तडकलेला, काळवंडलेला हिरवा रंग थराथराने नोंदवला असेल तर तो कागद आज त्या खरवडलेल्या खुर्चीपेक्षा जास्त खरं सांगतो. हे वाक्य मी विचार करून लिहितोय.

आता फोटोचं. काही लोक म्हणतात तेव्हा रंगीत फोटो धड नव्हते म्हणून चित्रं काढली, आता कॅमेरा आहे, विषय संपला. पहिला भाग अर्धा खरा आहे, कोडॅक्रोम फिल्म बाजारात आली तीच १९३५ साली आणि त्या काळातले बरेच रंगीत प्रिंट पुढे उडून गेले. पण इंडेक्सवाल्यांकडे कॅमेरे होते, फोटो त्यांनीही काढले, मदतीला वापरले, आणि तरीही अंतिम नोंद चित्रातच करायची हे जाणूनबुजून ठरवलं. कारण पॉलिश केलेल्या महॉगनीच्या कपाटाचा फोटो काढून बघा, त्यात खोलीची खिडकी येते, दिवे येतात, फोटोग्राफरची सावली येते, आणि लाकूड त्या प्रतिबिंबांच्या मागे लपतं. चित्रकार सकाळी बसतो, दुपारी बसतो, बाजूने बघतो, खण ओढून बघतो, बोट फिरवून बघतो, आणि मग प्रतिबिंब बाजूला ठेवून त्याच्या खालचे रेषे दाखवतो, पितळी कडीची चमक मात्र ठेवतो कारण ती नसेल तर पितळ पितळ वाटत नाही. लेन्समुळे जवळची बाजू फुगते, चित्रात ती मापात आणता येते. कॅमेरा एका क्षणाचा उजेड पकडतो, चित्र अनेक दिवसांची समजूत पकडतं. वनस्पतिशास्त्राला हे कधीच कळलेलं आहे, नवीन प्रजातीचं वर्णन छापताना आजही बऱ्याचदा फोटोच्या जोडीने रेखाचित्र असतं, पुरातत्त्वात दगडी हत्यारं आणि खापरं अजून हाताने काढली जातात, आणि अमेरिकेच्या शेती खात्याने १८८६ पासून १९४२ पर्यंत फळांच्या जातींची साडेसात हजारांच्या आसपास वॉटरकलर करून घेतली ती आजही जुन्या वाणांचा शोध घेणाऱ्यांच्या कामी येतात. मग फर्निचरच्या बाबतीतच आपण फोटोवर का थांबायचं?

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो कलेच्या जगातून येतो. ते म्हणतात हे कौशल्य आहे, मान्य, पण कला नाही, कारण यात चित्रकाराचं स्वतःचं काय? वस्तू दुसऱ्याची, नियम खात्याचे, शैली सगळ्यांची एकच. याच फेडरल आर्ट प्रोजेक्टच्या पगारावर जॅक्सन पोलॉक होता, मार्क रॉथको होता, ली क्रॅस्नर होती, त्यांची नावं जगाला पाठ आहेत, आणि रोलंड लिव्हिंगस्टोन किंवा फर्डिनंड कार्टिए यांनी इंडेक्ससाठी फर्निचर रंगवलं हे त्या क्षेत्राबाहेर कुणाला माहीत नाही. मला हा आक्षेप पटत नाही. स्वतःचं काय, तर निवड. कुठली सावली ठेवायची, कुठली सोडायची, लाकडाची गाठ किती गडद करायची, तडा दिसला पाहिजे पण नजर त्याच्यावरच अडकता कामा नये, हे सगळं कुठल्याही मॅन्युअलमध्ये लिहून देता येत नाही. एकाच पद्धतीत शिकलेल्या दोघांची चित्रं शेजारी ठेवली तर फरक दिसतो, एकाचं लाकूड कोरडं आणि कडक, दुसऱ्याचं उबदार, एकाला कापड जमतं, दुसऱ्याला धातू. दुसऱ्याच्या गाण्याला साथ करणाऱ्या तबलजीला आपण कलाकार म्हणतोच ना, त्याने मैफल स्वतःकडे ओढली नाही म्हणून त्याचा हात कमी ठरत नाही. स्वतःला मागे ठेवून समोरच्या वस्तूला पुढे आणणं ही सुद्धा वृत्ती आहे, आणि स्वतःला व्यक्त करण्याइतकीच दुर्मिळ आहे.

आणि म्युझियमनी ठरवलं तर नकलेला मान देता येतो, हे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने दाखवलेलं आहे. तिथे इजिप्तच्या विभागात थेबीजच्या थडग्यांमधल्या भित्तिचित्रांच्या हाताने केलेल्या प्रतिकृतींची वेगळी गॅलरी आहे, नीना डेव्हिस, नॉर्मन डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या, विसाव्या शतकातल्या, आणि लोक तिथे थांबून बघतात, मूळ भिंत इजिप्तमध्ये आहे म्हणून कुणी नाक मुरडत नाही. मग खुर्चीच्या चित्राला तो मान का मिळू नये? १९८९ मध्ये न्यूपोर्टच्या टाउनसेंड-गॉडर्ड कारागिरांच्या परंपरेतलं एक डेस्क-बुककेस लिलावात १ कोटी २१ लाख डॉलरला गेलं, तेव्हा जुन्या फर्निचरची किंमत जगाला कळत नाही असं तर म्हणताच येणार नाही. किंमत लाकडाला आहे. ते लाकूड डोळ्यांनी वाचणाऱ्याला नाही.

अर्थात एक खरी अडचण आहे आणि ती मान्य केली पाहिजे. वॉटरकलर उजेडाला फार नाजूक असतं. म्युझियममध्ये अशा चित्रांवर अगदी मंद उजेड ठेवतात, साधारण ५० लक्स, आणि काही महिने लावली की परत लांब विश्रांतीसाठी पेटीत ठेवतात, त्यामुळे कायमची भिंत मिळणं अवघड, हे बरोबरच आहे. पण १८,००० चित्रं आहेत! दर काही महिन्यांनी मूठभर बदलत राहिलात तरी कुठलंही एक चित्र परत भिंतीवर यायला कित्येक वर्षं जातील, म्हणजे एक छोटी खोली कायम इंडेक्ससाठी ठेवली तर चित्रांना काही होणार नाही आणि लोकांना कधीही गेलं तरी काहीतरी बघायला मिळेल. २००२ मध्ये नॅशनल गॅलरीने या संग्रहाचं मोठं प्रदर्शन केलं होतं आणि त्यात काही चित्रांच्या जोडीला मूळ वस्तूही आणून ठेवल्या होत्या. मला वाटतं बघायची खरी पद्धत हीच. चित्र बघावं, वस्तूकडे वळावं, परत चित्राकडे यावं, आणि मग लक्षात येतं की वस्तूत जे आपल्या डोळ्यांतून सुटलं होतं ते चित्राने दाखवलं म्हणून आता दिसतंय.

ऑनलाइन सगळं आहेच की, असं कोणी म्हणेल, आणि ते खरं आहे, नॅशनल गॅलरीने २०१२ पासून आपल्या संग्रहातल्या चित्रांच्या मोठ्या फाइल्स फुकट द्यायला सुरुवात केली ही फार चांगली गोष्ट झाली, या नोंदींमध्ये मूळ वस्तूची इंचातली मापंसुद्धा दिलेली असतात. मी स्वतः तिथेच सगळ्यात जास्त वेळ घालवतो आणि ज्याला ही चित्रं बघायची आहेत त्याने तिथूनच सुरू करावं, फुल स्क्रीन करून एका कोपऱ्यावर झूम करावं आणि घाई करू नये. पण स्क्रीनवर कागदाची जाड पोत सपाट होते, चमकेसाठी राखलेला कोरा कागद आणि पांढरा रंग यातला फरक कळत नाही, आणि पाच फुटी कपाट आणि दोन फुटी पेटी एकाच आकाराच्या दिसतात.

आता पैशाचं बोलू, कारण शेवटी सार्वजनिक प्रश्न तिथेच येतो. न्यूयॉर्कमध्ये प्रोजेक्टवरच्या चित्रकाराला आठवड्याला साधारण २३-२४ डॉलर मिळायचे, जगण्यापुरते, आणि यातल्या बहुतेकांना काम मिळायला आधी सरकारी मदतीच्या यादीत नाव असावं लागायचं, म्हणजे आपण गरीब आहोत हे सिद्ध करून मग ब्रश हातात घ्यायचा. त्यावरही तेव्हा टीका झाली, करदात्यांचे पैसे चित्रं काढण्यात उडवताय म्हणून, आणि युद्ध आलं तसं सगळं गुंडाळलं गेलं. किती बेफिकिरीने गुंडाळलं गेलं याचं उदाहरण म्हणजे प्रोजेक्टची न्यूयॉर्कमधली कितीतरी कॅनव्हास चित्रं भंगार म्हणून वजनावर विकली गेली. इंडेक्स वाचला कारण तो एकत्र होता आणि त्याला एका संस्थेने घर दिलं. आज तोच खर्च बघितला तर मला तो त्या दशकातल्या सगळ्यात शहाण्या खर्चांपैकी एक वाटतो, काही शे माणसांची चूल पेटली आणि देशाला असा ठेवा मिळाला जो कुणाच्या मालकीचा नाही, कुणीही वापरावा.

जे मला खरोखर खटकतं ते वेगळंच आहे. १९३३ मध्ये, इंडेक्सच्या जरा आधी, अशाच मंदीच्या मदत योजनेत ऐतिहासिक इमारतींची मापं घेऊन ड्रॉइंग करण्याचं काम सुरू झालं, हिस्टॉरिक अमेरिकन बिल्डिंग्ज सर्व्हे, बेकार आर्किटेक्ट लोकांना काम द्यायला. ते आजही चालू आहे. मधे खंड पडला, पण नॅशनल पार्क सर्व्हिस ते चालवते, ड्रॉइंग लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जातात, १९६९ मध्ये त्याला इंजिनिअरिंगच्या वास्तूंची जोड मिळाली आणि २००० मध्ये बागा आणि परिसरांची. म्हणजे घराची भिंत, जिना, छप्पर हे देशाने नोंदवत राहायचं आणि त्या घरातली खुर्ची, पेटी, पलंग मात्र १९४२ मध्येच संपले असं धरायचं, याला काय अर्थ आहे? घरापेक्षा फर्निचर जास्त पटकन नाहीसं होतं, वाटण्या होतात, विकलं जातं, रंग खरवडला जातो, पाय कापून उंची कमी केली जाते. इमारत निदान जागेवर उभी असते.

थ्री-डी स्कॅन आहे की, हे मी ऐकलंय, आणि स्कॅन जरूर करावेत, मापं घ्यायला त्याहून चांगलं काही नाही. पण स्कॅन कुठलाच ओरखडा दुसऱ्या ओरखड्यापेक्षा महत्त्वाचा मानत नाही. सुताराच्या रंध्याची खूण आणि पुढच्या मालकाने टाकलेला ओरखडा त्याला सारखेच. कुणीतरी माणसाने बसून ठरवावं लागतं की हे बनवणाऱ्याचं आहे आणि हे नंतरचं, आणि ते ठरवण्याची सगळ्यात चांगली सक्ती म्हणजे ते रंगवायला लागणं, कारण रंगवताना टाळता येत नाही, कागदावर तिथे काहीतरी लावावंच लागतं.

पण इंडेक्स परत सुरू करायचा तर जुन्या इंडेक्सची एक मोठी चूक परत करायची नाही. युरोपातून आलेल्या लोकांच्या कारागिरीपुरताच तो ठरवून मर्यादित ठेवलेला होता. मूळ निवासी अमेरिकन लोकांच्या वस्तू मानववंशशास्त्रवाले बघतील म्हणून बाहेर ठेवल्या, आणि काळ्या कारागिरांचं काम त्यात फारच थोडं आलं. देशाच्या कारागिरीची यादी म्हणून ज्याची ओळख त्यात देशातले इतके हात नाहीत हे चालणार नाही. म्हणून माझं मत असं की सुरुवातच तिथून करावी. टॉमस डे नावाचे एक स्वतंत्र काळे फर्निचरकार होते, १८०१ मध्ये जन्मलेले, नॉर्थ कॅरोलायनातल्या मिल्टन गावात त्यांचा कारखाना होता आणि १८५० च्या सुमारास तो त्या राज्यातला सगळ्यात मोठा मानला जायचा, गोऱ्या श्रीमंतांच्या घरातले जिने, मँटल म्हणजे शेकोटीभोवतीच्या चौकटी आणि कपाटं त्यांनी केली, त्यातल्या वळणांचे आणि वेटोळ्यांचे आकार इतके जोरकस की लांबून ओळखू यावेत. राष्ट्राध्यक्ष जेफरसनच्या माँटिसेलो या इस्टेटीवर, त्याच्या गुलामगिरीत, जॉन हेमिंग्ज होते, कसलेले सुतार, त्यांच्या हातच्या म्हणून मानल्या जाणाऱ्या वस्तू आजही आहेत. यांच्या वस्तूंचे फोटो काढलेले आहेत, त्यांच्यावर लेख लिहिलेले आहेत, ते सगळं हवंच आहे. आता पगारी चित्रकार नेमा, त्यांना हवे तितके आठवडे द्या, डे यांच्या एका साइडबोर्डसमोर बसवा, आणि झालेलं चित्र वॉशिंग्टनच्या त्याच संग्रहात पाठवा, खाली दोन नावं लिहून, एक बनवणाऱ्याचं आणि एक रंगवणाऱ्याचं.